अंडी घरात आणल्यावर: टरफलाचा रंग, ताजेपणा आणि साठवण

एक तपकिरी अंडं वाटीभर व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. टरफलावर बारीक बुडबुडे धरतील. मग ते बाहेर काढून अंगठ्याने चोळा. तपकिरी रंग मळासारखा सुटून हाताला लागतो आणि खालून पांढरं टरफल डोकावतं. ज्या रंगासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात तो किती वरवरचा असतो, हे मला यापेक्षा सोप्या रीतीने कुणाला पटवता आलेलं नाही.

नव्याने स्वयंपाकाला लागलेल्या माणसाला अंड्यांबद्दल पहिला प्रश्न पडतो तो रंगाचाच. खरी काळजी घ्यायची असते ती गारवा, कोरडेपणा आणि दिवसांची. म्हणून रंगाचा विषय आधी मिटवू आणि मग कामाच्या गोष्टींकडे वळू.

पायरी १: रंगाचा हिशेब एकदाच मिटवा

कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले वीसेक तास एकट्या टरफलावर खर्च होतात. टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचंच भावंड. त्याचा मूळ रंग पांढरा. काही जातींच्या कोंबड्या अंडं बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत त्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा हात फिरवतात. झालं तपकिरी अंडं. पांढरी लेगहॉर्न पांढरी अंडी देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी, आणि मारान जातीची कोंबडी तर चॉकलेटसारखी गडद.

निळ्या अंड्याची गोष्ट वेगळी आहे. मूळच्या चिलीतल्या अरौकाना कोंबडीत बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य टरफल घडत असतानाच त्यात मुरतं, त्यामुळे ते फोडल्यावर आतूनही निळसर दिसतं. व्हिनेगरचा प्रयोग इथे फसतो. अशा निळ्या टरफलावर तपकिरी हात फिरला की हिरवट, ऑलिव्हच्या छटेचं अंडं मिळतं.

कोंबडीच्या कानाची पाळी पांढरी असेल तर अंडं पांढरं आणि लाल असेल तर तपकिरी, असा एक ठोकताळा सांगतात. बऱ्याच जातींना तो लागू पडतो, पण अपवाद इतके आहेत की त्यावर पैज लावू नये. एकाच कोंबडीची अंडीही कायम एकाच छटेची नसतात. वय वाढलं, उन्हाळा कडक झाला, खुराड्यात काही घाबरवणारं घडलं, की रंग फिका पडतो. एका खोक्यात चार छटांची तपकिरी अंडी दिसली म्हणून भेसळीचा संशय घेऊ नका.

मग पोषण? ते ठरतं कोंबडीच्या खाद्यावर. पिवळा बलक गडद केशरी दिसतो तोही खाद्यातल्या मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या अशा गोष्टींमधल्या रंगद्रव्यांमुळे. गडद बलक म्हणजे जास्त पौष्टिक बलक, असं सरळ गणित मांडता येत नाही. तपकिरी अंडी अनेकदा महाग असतात, कारण ती देणाऱ्या जाती बहुतेक वेळा अंगाने मोठ्या असतात आणि जास्त खातात. तो खर्च कोणाकडून तरी वसूल व्हायलाच हवा. टरफल जाड की पातळ हेही रंगावर ठरत नाही. तरुण कोंबडीचं अंडं लहान आणि घट्ट कवचाचं असतं. म्हातारपणी अंडी मोठी होतात आणि टरफल पातळ.

पायरी २: घेतानाच झाकण उघडा

खोकं उघडून बघायला लाजू नका. प्रत्येक अंडं जागच्या जागी हलकेच फिरवा. फिरलं नाही तर ते खाली चिकटलंय, म्हणजे बुडाशी तडा गेलाय आणि आतलं पाझरलंय. असं एक अंडं असेल तर आजूबाजूची दोन-तीनही चिकट झालेली असतात. पूर्ण खोकं बदलून घ्या.

टरफल स्वच्छ आणि कोरडं हवं. शीट लागलेली किंवा ओलसर अंडी नको. तारीख छापलेली असेल तर ती वाचा, आणि खोकं फ्रीजमध्ये ठेवलेलं होतं का तेही बघा. ते पुढच्या पायरीला उपयोगी पडेल. घरी येताना अंडी शेवटी घ्या आणि थेट घरी या. तापलेल्या गाडीत राहिलेलं खोकं ताजं असूनही काही तासांत दिवसांनी म्हातारं होतं.

पायरी ३: धुवायची की नाही, हे आधी समजून घ्या

याबाबत नवशिक्याला हमखास दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात आणि दोन्ही देणारे ठामपणे देतात. गंमत म्हणजे दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

टरफल दिसतं तितकं बंद नसतं. त्यावर सात हजार ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. आत पिल्लू वाढलं तर त्याला श्वास घेता यावा, ही सोय. या छिद्रांवर कोंबडी अंडं बाहेर टाकता टाकता एक पातळ लेप चढवते. तो लगेच वाळतो. हाच अंड्याचा स्वतःचा रेनकोट. तो बाष्प आत-बाहेर थोडंसंच जाऊ देतो आणि जंतूंना अडवतो.

आता अमेरिकेत बाजारात येणारी अंडी धुऊनच विकतात. धुताना हा लेप जातो, म्हणून तिथे धुतल्यानंतर अंडी ७ अंश सेल्सिअसच्या आत ठेवणं बंधनकारक आहे. युरोपीय संघात नेमकं उलट. तिथे वरच्या दर्जाची, म्हणजे ‘ए’ वर्गाची अंडी साधारणपणे धुवायचीच नाहीत, लेप शाबूत ठेवायचा, आणि दुकानात ती फ्रीजबाहेर मांडलेली दिसतात. एका पद्धतीची अंडी आणि दुसऱ्या पद्धतीचा सल्ला एकत्र आले की घोळ होतो. धुतलेलं अंडं ओट्यावर ठेवणं, ही ती चूक.

म्हणून घरी नियम असा: अंडी थंड ठिकाणाहून आणली असतील तर ती थंडच राहिली पाहिजेत. धुतली आहेत की नाहीत हे कळत नसेल, तरी फ्रीज. त्यात नुकसान काहीच नाही.

फ्रीजमधून काढलेलं अंडं दमट हवेत घामेजतं. तो ओलावा टरफलावरच्या जंतूंना छिद्रांतून आत जायला वाट करून देतो. सकाळी बाहेर, दुपारी आत, संध्याकाळी पुन्हा बाहेर असा प्रकार म्हणूनच टाळायचा. केकसाठी अंडी खोलीच्या तापमानाला हवी असतील तर लागतील तेवढीच काढा आणि दोन तासांच्या आत वापरून टाका. खोलीत ३२ अंशांपेक्षा जास्त उकाडा असेल तर ही मुदत एका तासावर आणा.

आणि घरी आणून धुवायची का? दुकानातली अंडी धुऊ नका. आधीच धुतलेली असतील तर गरज नाही, नसतील तर लेप घालवायचा कशाला? स्वतःच्या खुराड्यातलं मळकं अंडं असेल तर आधी कोरड्या फडक्याने किंवा बारीक सँडपेपरने पुसून बघा. धुवावंच लागलं तर पाणी अंड्यापेक्षा गरम हवं, हाताला सोसेल एवढं कोमट. थंड पाण्याने आतला ऐवज आक्रसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. अंडी पाण्यात भिजत ठेवू नका. वाहत्या पाण्याखाली पटकन धुवा, लगेच पुसा आणि फ्रीजमध्ये ठेवून आधी तीच संपवा.

पायरी ४: फ्रीजमधली जागा

फ्रीजच्या दारात अंड्यांसाठी सुबक खळगे दिलेले असतात. ते कुणी आणि का ठरवलं ते देव जाणे. दार ही फ्रीजमधली सर्वांत उबदार जागा. दिवसातून वीसदा उघडतं, प्रत्येक वेळी अंड्यांना बाहेरची हवा आणि एक हिसका मिळतो. त्या खळग्यांत लिंबं ठेवा. अंडी आतल्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवा. फक्त फ्रीझरच्या हवेचा झोत येतो तिथे नको, नाहीतर गोठून तडकतात. तापमान ४ ते ५ अंशांच्या आत असावं. साल्मोनेला, म्हणजे अंड्यांतून पोटात जाऊन आजारी पाडणारा जंतू, या थंडीत जवळपास वाढत नाही.

खोक्यातून काढून वाडग्यात रचून ठेवण्याचा मोह होतो, पण खोकं बंदच राहू द्या. अंडी छिद्रांतून वास ओढून घेतात. कापलेल्या कांद्याशेजारी आठवडाभर उघडी राहिलेली अंडी फोडून साधं गोड कस्टर्ड करून बघा, मग पटेल. शिवाय तारीख खोक्यावर असते.

निमुळतं टोक खाली, बोथट टोक वर. बोथट टोकाशी हवेची पोकळी असते आणि ती वरच राहिली की बलक मध्यावर टिकतो. दुकानातून येताना बहुधा तशीच रचलेली असतात, आपण फक्त उलटी करायची नाहीत.

टरफलासकट कच्ची अंडी फ्रीजमध्ये तीन ते पाच आठवडे चांगली राहतात. नवं खोकं जुन्याच्या मागे ठेवा. मी टरफलावर पेन्सिलीने आणल्याची तारीख टाकते. पेन नको, शाई छिद्रांतून उतरू शकते.

पायरी ५: पाण्यातली परीक्षा, आणि ती काय सांगत नाही

अंडं घातलं जातं तेव्हा ते कोंबडीच्या अंगाइतकं, सुमारे ४० अंश गरम असतं. गार होताना आतला ऐवज आक्रसतो आणि बोथट टोकाशी टरफलाच्या आतले दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटून मध्ये हवा शिरते. पुढे दिवसागणिक आतलं पाणी छिद्रांतून उडत जातं आणि ही पोकळी मोठी होते. पाण्याच्या परीक्षेचं सगळं रहस्य एवढंच.

खोल भांड्यात गार पाणी घेऊन अंडं सोडा. आडवं बुडाशी पडलं तर ताजं. एक टोक उचलून तिरकं झालं तर आठवडा-दोन आठवड्यांचं. बुडाशी टेकून उभं राहिलं तर जुनं, लवकर आणि नीट शिजवून संपवा. तरंगलं तर खूप जुनं. ते टाकून दिलेलं बरं.

ही परीक्षा फक्त वय सांगते. साल्मोनेला असलेलं अंडं आडवं झोपतं, ताजं दिसतं आणि त्याला वासही येत नाही. ‘पाण्यात बुडलं, म्हणजे कच्चं प्यायला हरकत नाही’ असा अर्थ कुणी काढत असेल तर त्याला थांबवा. परीक्षा घेतलेली अंडी ओली झालेली असतात, म्हणून पुन्हा साठवायची नाहीत, लगेच वापरायची.

फोडल्यावर अंडं जास्त बोलतं. ताज्या अंड्याचा पिवळा बलक उंच, गोल बसतो आणि त्याभोवती पांढऱ्याचा घट्ट थर कडं करून राहतो. जुन्यात बलक चपटा होतो आणि पांढरा भाग पाण्यासारखा ताटभर पसरतो. याचं कारण असं की पांढऱ्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हळूहळू उडून जातो, त्याचा सामू ७.६ च्या आसपासून ९ च्या वर चढतो आणि घट्टपणा धरून ठेवणारी प्रथिनांची वीण सैल होते. अगदी ताज्या अंड्याचा पांढरा भाग थोडा धुरकट दिसतो तोही याच वायूमुळे. नवखे लोक नेमकं तेच अंडं खराब समजून फेकतात.

पिवळ्याला धरून असलेले पांढरे पिळदार धागे म्हणजे बलक मध्यावर बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. ते पिल्लू नव्हे. रक्ताचा ठिपका म्हणजे बलक तयार होताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. चमच्याने काढून टाका, अंडं खाण्यालायक आहे. पण पांढरा भाग गुलाबी, हिरवट किंवा तेलकट चमकीचा दिसला तर तो जंतूंचा उद्योग. चव बघत बसू नका. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि त्याबद्दल कुणाला शंका राहत नाही.

पायरी ६: फोडताना

प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत फोडा, मग मोठ्या भांड्यात ओता. मी एकदा घाईत सातवं अंडं थेट सहा अंड्यांच्या फेटलेल्या मिश्रणात फोडलं होतं. ते सडकं निघालं. सहा अंडी, साखर, लोणी, सगळं गेलं आणि स्वयंपाकघराची खिडकी रात्रभर उघडी ठेवावी लागली.

ओट्यावर सपाट जागी आपटून फोडा. भांड्याच्या धारेवर फोडलं की टरफलाचे कण आणि त्यांच्यावरची घाण आत ढकलली जाते. पांढरा आणि पिवळा वेगळा करायला बलक या टरफलातून त्या टरफलात झेलण्याची पद्धत दिसायला ऐटबाज आहे, पण त्यात बलक बाहेरच्या कवचाला घासत जातो. धुतलेल्या हाताच्या बोटांतून पांढरा गळू द्या. नंतर हात, ओटा आणि वाटी साबणाने धुवा. ज्या काट्याने कच्चं अंडं फेटलं तोच शिजलेल्या अंड्यात घालू नका.

घरी येताना अंडं तडकलं तर ते लगेच स्वच्छ डब्यात फोडून झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत शिजवून संपवा. आधीपासून तडकलेलं आढळलं आणि कधी तडकलं ते माहीत नसेल, तर सरळ टाका.

पायरी ७: शिजवताना

साल्मोनेला अंड्यात दोन वाटांनी येतो. एक बाहेरून, शीट लागलेल्या टरफलातून. दुसरी वाट जास्त कावेबाज: कोंबडीच्या अंडाशयातच संसर्ग असेल तर टरफल चढण्याआधीच जंतू आत असतो. अशी अंडी फार थोडी असतात. अमेरिकेतला एक नेहमी सांगितला जाणारा अंदाज २०,००० अंड्यांत एक असा आहे. पण अनेक अंडी एकत्र फेटली की त्या एकाचा प्रसाद सगळ्या भांड्याला मिळतो.

ताज्या, थंड ठेवलेल्या अंड्यात हा जंतू सहसा उपाशी राहतो. पांढऱ्या भागात लोह घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्यामुळे जंतूला ते मिळत नाही. वर लायसोझाइमसारखी जंतुविरोधी द्रव्यंही असतात. अंडं जुनं झालं किंवा उबेत राहिलं की पिवळ्या बलकाभोवतीचा पडदा कमजोर होतो, बलकातलं लोह आणि पोषण पांढऱ्यात झिरपतं, आणि जंतूची पंगत बसते. फ्रीज लागतो तो या पडद्यासाठी.

सुरक्षित शिजवणं म्हणजे पांढरा आणि पिवळा दोन्ही घट्ट होईपर्यंत. अंड्याच्या मिश्र पदार्थांसाठी आत ७१ अंश सेल्सिअस हे तापमान धरतात. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना वाहता बलक देऊ नका. कच्च्या अंड्याचं मेयोनीज, मूस आणि केकचं पीठ चाटणं हेही त्यातच आलं. लिंबू पिळल्याने किंवा मद्य घातल्याने अंडं निर्जंतुक होत नाही. कच्चंच वापरायचं असेल तर पाश्चराइज केलेली अंडी घ्या.

सरसकट घाबरवायचंही नाही. ब्रिटनमध्ये कोंबड्यांचं लसीकरण आणि तपासणी सुरू झाल्यावर परिस्थिती इतकी सुधारली की २०१७ साली तिथल्या अन्न मानक संस्थेने सिंहाचा शिक्का असलेली अंडी गर्भवती आणि लहान मुलांनीही अर्धकच्ची खायला हरकत नाही असं सांगितलं. तो सल्ला त्या शिक्क्याच्या अंड्यांपुरता आहे. तुमच्या हातातलं अंडं कुठल्या व्यवस्थेतून आलंय ते माहीत नसेल तर बलक घट्ट करा.

साल्मोनेला असलेलं अंडं खाल्ल्यावर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही ताप, जुलाब, पोटात कळा सुरू होऊ शकतात. धडधाकट माणूस बहुधा आठवड्याभरात बरा होतो. जुलाबात रक्त, खूप ताप किंवा पाणीही पोटात न टिकणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टर गाठा.

उकडलेली अंडी

उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर खराब होतं. हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, पण उकडताना तो रेनकोट धुऊन जातो. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. गार करायला स्वच्छ पाणी वापरा. बलकाभोवती हिरवट कडं दिसलं तर ते बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र आल्याचं लक्षण. जास्त वेळ उकडलं गेलं, एवढंच. ताजी अंडी सोलताना निम्मा पांढरा भाग सोबत घेऊन येतात, म्हणून उकडायला आठवडाभर जुनी अंडी घ्या. फ्रीजमध्ये कच्ची आणि उकडलेली एकत्र झाली तर टेबलावर फिरवून बघा: उकडलेलं भिरभिरतं, कच्चं डगमगतं.

गोठवायची असतील तर

टरफलासकट कधीच नाही. आतलं पाणी फुगून टरफल फुटतं. पांढरा भाग तसाच डब्यात घालून गोठवता येतो आणि वितळल्यावर छान फेसाळतो. पूर्ण अंडं हलकं फेटून मग गोठवा. नुसता पिवळा बलक मात्र गोठल्यावर डिंकासारखा होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. हे टाळायला चार बलकांमागे चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ किंवा दीड चमचा साखर मिसळा. गोठवलेली अंडी वर्षभर टिकतात. फ्रीजमध्येच रात्रभर ठेवून वितळवा, ओट्यावर नाही. डब्यावर तारीख, बलकांची संख्या आणि मीठ घातलंय की साखर ते लिहा. मी एकदा लिहिलं नव्हतं, मीठही अंदाजाने जरा सढळ पडलं होतं, आणि ते कस्टर्ड घरातल्या कुणीही दुसऱ्यांदा मागितलं नाही.